टर्मिनलमध्ये चालतं, मग लॉगिनला का नाही?

लिनक्सच्या डेस्कटॉपवर लॉगिन होताच प्रोग्राम सुरू व्हावा म्हणून होममधल्या .कॉन्फिग/ऑटोस्टार्ट फोल्डरात एक .डेस्कटॉप फाइल ठेवतात. वर [डेस्कटॉप एन्ट्री] हे शीर्षक, खाली टाइप, नेम आणि एक्झेक (चालवायची आज्ञा), एवढ्या ओळी पुरतात. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हे डेस्कटॉप सगळे ती वाचतात. इथवर बहुतेकांना जमतं. घात होतो तो एक्झेकच्या ओळीत.

ती ओळ शेलकडे, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामकडे, जातच नाही. पुन्हा सांगतो, नवख्यांचे दिवसच्या दिवस इथे जातात: एक्झेकपुढचं शेल वाचत नाही. तिथे ~ लिहिलंत तर त्याचं तुमचं होम होईलच असं नाही, अनेकदा खरोखर ~ नावाचं फोल्डर शोधलं जातं. &&, |, > यांनाही तिथे काही अर्थ नसतो. आणि % चिन्हाला त्या ओळीत वेगळाच अर्थ आहे, म्हणून तारखेसाठी +%एफ लिहिलंत की गडबड. तिथे %% लागतं. वाईट हे, की स्क्रीनवर बहुधा काहीच दिसत नाही. प्रोग्राम नुसता उगवत नाही.

एसएच -सी लावून (म्हणजे मुद्दाम शेल बोलावून) अवतरणात सगळं कोंबता येतं, पण मग $ च्या आधी दोन बॅकस्लॅश द्यावे लागतात. नकोच ते. सरळ स्क्रिप्ट लिहा, पहिल्या ओळीत #!/बिन/एसएच घाला, सीएचमॉड +एक्स करून तिला चालण्याची परवानगी द्या आणि एक्झेकमध्ये / पासूनचा पूर्ण पत्ता द्या. एवढ्यावर बऱ्याच तक्रारी मिटतात, घाबरू नका.

“.बॅशआरसीत टाक” असं कुणी सीनियर सांगेल. ऐकू नका. होममधली ती फाइल इंटरॅक्टिव्ह बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये उघडणारा शेल, वाचतो, डेस्कटॉप नव्हे. त्यात प्रोग्राम टाकलात तर उघडाल त्या प्रत्येक टर्मिनलगणिक त्याची नवी प्रत सुरू होईल. तिथे वाढवलेला पाथही (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) डेस्कटॉपला मिळत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये पाथ वरच लिहून टाका.

“स्लीप ३०”, म्हणजे सुरू होण्याआधी तीस सेकंद थांबणं, हाही तसलाच उपाय. ट्रे (पट्टीवरची छोट्या चिन्हांची जागा) तयार व्हायच्या आत प्रोग्राम सुरू होऊन मरत असेल तर पाच सेकंद थांबणं ठीक आहे, पण आधी नोंदींत कारण बघा: जर्नलसीटीएल --यूजर -बी. एक्स या जुन्या चित्रप्रणालीच्या सेशनमध्ये होममधली .एक्ससेशन-एरर्स उघडा.

कन्सोलवरून स्टार्टएक्स या आज्ञेने डेस्कटॉप सुरू करत असाल तर तिच्या .एक्सइनिटआरसी फाइलीत विंडो मॅनेजरच्या (खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) आधीच्या प्रत्येक चालू राहणाऱ्या प्रोग्रामपुढे & हवाच. एक विसरलात की तो प्रोग्राम बंद होईपर्यंत विंडो मॅनेजर सुरूच होत नाही; पडद्यावर एकटी खिडकी, ना टायटलबार ना मेनू. काही बिघडलेलं नसतं. कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जा आणि ती ओळ सुधारा.

सिस्टिमने लावलेलं काही नको असेल तर /ईटीसी/एक्सडीजी/ऑटोस्टार्ट मधली फाइल पुसू नका. त्याच नावाची फाइल आपल्या फोल्डरात ठेवून तिच्यात हिडन=ट्रू लिहा.