बंदोबस्तात तोंड झाका, बक्कल नंबर नको

बंदोबस्तावर चेहरा झाकायची कारणं चार: दगड, अश्रुधूर, आग आणि धूळ-गुलाल. ओळख लपवणं हे पाचवं कारण नाही, म्हणून बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, झाकू नका. या चारही गोष्टींना वेगवेगळं आवरण लागतं आणि एकाचं काम दुसरं करत नाही. हेल्मेटच्या काचेखालून धूर आत येतो, रुमालाने दगड अडत नाही. म्हणून हजेरीच्या वेळी पहिला प्रश्न हा, की आज समोर काय येऊ शकतं? मिरवणूक, मोर्चा आणि पेटलेली वस्ती या तिन्ही ठिकाणी एकच सामान घेऊन जाण्यात अर्थ नाही.

गणपती विसर्जनाला किंवा यात्रेला सुती रुमाल नाहीतर एन-९५ मास्क पुरतो. रुमाल डोळ्यांपर्यंत वर ओढून मागे गाठ मारू नका. लोकांना तो दरोडेखोराचा अवतार वाटतो आणि शांत गर्दीही सावध होते. आणखी एक: हेल्मेटची साधी पारदर्शक काच लेझरचा झोत अडवत नाही. झोत अंगावर आला तर मान वळवा, त्याच्याकडे पाहू नका.

आग असेल तर कापड तपासा

खेळाच्या दुकानात मिळणारी ताणणारी गळपट्टी स्वस्त आणि सोयीची वाटते, पण ती बहुतेक वेळा पॉलिस्टर किंवा नायलॉनची असते. पेट्रोलची बाटली फुटली की हे कापड वितळून कातडीला चिकटतं आणि काढताना कातडीही सोबत येते. हेल्मेटखाली घालायची तोंड झाकणारी टोपी अरामिडसारख्या अग्निरोधक कापडाची हवी. ती नसेल तर जाड सुती. सुती कापड जळतं, पण वितळत नाही. माणशी दोन टोप्या ठेवा. घामाने भिजलेली टोपी धगीत तापली की आत वाफ होते आणि त्या वाफेनेही भाजतं.

काच आणि वाफ

तोंडावर मास्क आणि वर काच असली की श्वास वरून निसटतो आणि काच धुरकट होते. ऐन दगडफेकीत काच वर करणारे शिपाई बहुतेक याच कारणाने करतात. मास्कची नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या आकाराला दाबा. एका हाताने चिमटलात तर मधे टोक निघतं आणि फट राहते. ड्यूटीला निघण्याआधी काचेच्या आतल्या बाजूला भांड्याच्या साबणाचा एक थेंब पसरा आणि मऊ सुती कापडाने तो दिसेनासा होईपर्यंत पुसा. हा थर काही तास टिकतो.

काच पॉलीकार्बोनेटची असते. शाईचे किंवा रंगाचे डाग काढायला पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव यांतलं काही लावू नका. त्याने बारीक तडे जातात आणि तडे गेलेली काच दगड लागल्यावर फुटते. धूळ बसलेली काच कोरड्या कापडाने घासू नका. आधी पाणी, मग साबण.

अश्रुधूर

नाव धूर असलं तरी सीएस, म्हणजे अश्रुधुरातलं रसायन, हा वायू नाही. ते हवेत उडवलेले बारीक घन कण असतात. ओल्या रुमालाने काही कण अडतात, पण डोळे उघडेच राहतात आणि कणांनी भरलेलं ओलं कापड ओठांवर आणि गालांवर चुरचुरायला लागतं. त्यामुळे ओला रुमाल धुरातून बाहेर पडण्यापुरताच वापरा, धुरात उभं राहायला नाही. एन-९५ ने श्वासाला बरीच मदत होते, डोळ्यांना काहीच नाही. नळकांडी फोडणाऱ्या पथकाला पूर्ण चेहऱ्याचा गॅस मास्कच हवा. वारा फिरला की पहिला धूर त्यांच्याच अंगावर येतो.

मास्क चढवायचा क्रम असा:

१. श्वास रोखा, डोळे मिटा, हेल्मेट काढा.
२. आधी हनुवटी मास्कमध्ये बसवा, मग पट्टे डोक्यावरून मागे घ्या.
३. खालचे पट्टे आधी ओढा, मग कानशिलाजवळचे. दोन्ही बाजू एकाच वेळी आणि सारख्या जोराने. एक बाजू जास्त ओढली की दुसरीकडे फट पडते.
४. जोरात श्वास सोडा, म्हणजे आत शिरलेला धूर बाहेर जाईल.
५. फिल्टरचं तोंड तळहाताने बंद करून श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला पाहिजे. कुठूनही हवा आली तर पट्टे परत बसवा.
६. मग हेल्मेट.

हे सगळं मैदानावर सराव करून हातात बसवावं लागतं. धुरात पहिल्यांदा करायला गेलात तर तिसऱ्या पायरीवरच अडकाल.

मास्क गळतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक, दाढीचे खुंट. दोन दिवसांची दाढीही रबर आणि कातडी यांच्यात फट ठेवते, म्हणून बंदोबस्ताच्या दिवशी सकाळी दाढी करा. दुसरं, चष्म्याच्या दांड्या. चष्मा लागणाऱ्याला मास्कच्या आत बसणारी वेगळी चौकट द्या, नाहीतर त्याला धुराच्या ओळीत उभं करू नका. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घरी ठेवा, कारण कण लेन्सखाली अडकतात.

फिल्टरवर मुदतीची तारीख छापलेली असते. सील फोडलं की त्या दिवसाची तारीख मार्करने फिल्टरवरच लिहा. उघडलेल्या फिल्टरचं आयुष्य कमी असतं आणि ते किती हे उत्पादकाच्या कागदावर दिलेलं असतं. भिजलेला फिल्टर बाद समजा. आणि लक्षात असू द्या, फिल्टर हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. पेटलेल्या बंद खोलीत या मास्कवर भरवसा ठेवून शिरू नका.

बक्कल नंबर

सगळ्यात जास्त ढिलाई इथे होते, आणि बहुतेक वेळा मुद्दाम नाही. नेमप्लेट शर्टावर, त्यावर छातीचं चिलखत, त्यावर रेनकोट. चेहराही झाकलेला, मग तो पोलीस कोण हे कुणालाच कळत नाही, त्याच्या साहेबालाही नाही.

अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची अचूक, स्पष्ट आणि दिसेल अशी ओळख हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सांगितलं. नंतर ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१-ब मध्ये आलं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. त्यात चिलखत किंवा मास्क घातला म्हणून सूट नाही. गर्दी पांगवताना कुणाला कधी ताब्यात घ्यावं लागेल हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून नंबर पहिल्यापासूनच दिसला पाहिजे.

लंडनमध्ये १ एप्रिल २००९ ला जी-२० परिषदेच्या निदर्शनांच्या वेळी एका वृत्तपत्रविक्रेत्याला पोलिसाने मागून ढकललं आणि तो माणूस थोड्याच वेळात मेला. ढकलणाऱ्याचं तोंड झाकलेलं होतं आणि खांद्यावरचा नंबर दिसत नव्हता. तिथला नंतरचा गदारोळ त्या धक्क्याइतकाच या झाकाझाकीवरही होता.

नंबर सर्वात बाहेरच्या थरावर लावा: चिलखताच्या छातीवर आणि पाठीवर, शिवाय हेल्मेटच्या मागे. चिलखत घालणारा रोज बदलत असेल तर वेल्क्रोची पट्टी सोयीची, पण पट्टी माणसासोबत फिरली पाहिजे, चिलखतासोबत नाही. नाहीतर गोंद्याचा नंबर भिवाच्या पाठीवर जातो. अक्षरं निदान चार-पाच सेंटीमीटर उंच ठेवा, गडद पार्श्वभूमीवर पांढरी. चुंबकाची नेमप्लेट रेटारेटीत पहिल्या मिनिटाला पडते. सेक्शनच्या (तुकडीच्या) हवालदाराने फॉल-इनमध्ये, म्हणजे सगळे रांगेत उभे असताना, पंधरा पावलं मागे जाऊन प्रत्येकाचा नंबर वाचावा. वाचता आला नाही तर त्याला ओळीतून काढून आधी पट्टी लावायला लावा.

लोकांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा उघडा हवा. मास्कमधून आवाज दबतो, ओठ दिसत नाहीत आणि पांगण्याचा इशारा मागच्या रांगेला कळतच नाही. इशारा धुराच्या आधी, मास्क खाली करून, मेगाफोनवर, मराठी आणि हिंदी दोन्हीत द्या. धुरात असताना सूचना हाताच्या खुणांनीच चालतात. त्या खुणा आधी ठरवून ठेवा.

परत आल्यावर

वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहा, कपडे झटका, डोळे चोळू नका. डोळे चुरचुरत असतील तर दहा-पंधरा मिनिटं भरपूर थंड पाणी मारा. तेल किंवा मलम लावू नका, कण त्यात अडकून राहतात. गॅस मास्कचा फिल्टर काढून बाजूला ठेवा, मास्क कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. पोलीस व्हॅनच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेलं रबर कडक होतं आणि पुढच्या वेळी तळहाताच्या परीक्षेत नापास होतं. गणवेश पिशवीत बांधून घरी न्या आणि वेगळा धुवा. मुलांच्या कपड्यांसोबत बादलीत टाकू नका.