पाचच गाणी, तीही याच महिन्यातली

महिन्याच्या आवडत्या नव्या गाण्यांची यादी करायची असेल तर आधी आकडा ठरवून टाका. माझा पाचाचा आहे. वीस गाण्यांची यादी कुणालाही जमते, कानावर पडेल ते टाकत जायचं. पाचच ठेवायची म्हटलं की सहावं आल्यावर कुणाला तरी उठवावं लागतं, आणि आपल्याला नेमकं काय आवडतं ते तेव्हा कळतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते इंदूरच्या रामबागेत आणि कॉलेज भंवरकुआँच्या बाजूला. गाणी ऐकायला वेळ मिळतो तो मॅजिकमध्ये, म्हणजे शेअरिंगच्या छोट्या व्हॅनमध्ये, आणि रात्री प्रॅक्टिकलची फाइल लिहिताना. तेवढ्या वेळात बसेल अशीच ही पद्धत आहे.

गाणी गोळा करण्यासाठी शुक्रवार धरा. पूर्वी नवे अल्बम यायचा वार देशागणिक वेगळा होता, अमेरिकेत मंगळवार, इंग्लंडमध्ये सोमवार. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार ठरला. स्पॉटिफायचं रिलीज रडार (तुमच्यासाठी आपोआप बनणारी नव्या गाण्यांची प्लेलिस्ट) हेही शुक्रवारीच बदलतं. पण ते मुख्यतः तुम्ही ज्यांना फॉलो करता आणि ज्यांना ऐकता त्यांच्यावर चालतं, म्हणून नुसते गायक फॉलो करून थांबू नका, संगीतकारांनाही करा. माझ्या यादीतली निम्मी गाणी मला संगीतकारांच्या मागे लागूनच सापडतात. सिनेमाची गाणी मात्र शुक्रवार-बिक्रवार काही पाळत नाहीत. ती सिनेमाच्या जाहिरातीच्या हिशेबाने येतात, मंगळवारी भर दुपारीसुद्धा. त्यांच्यासाठी म्युझिक कंपन्यांचे यूट्यूब चॅनेल सबस्क्राइब करून ठेवा आणि टीझर, प्रोमो सोडून द्या. अर्ध्या मिनिटाचा टीझर म्हणजे गाणं नव्हे.

जे दिसेल ते एका कच्च्या प्लेलिस्टमध्ये टाकत जायचं. माझ्या कच्च्या प्लेलिस्टचं नाव ‘भंगार’ आहे, त्यामुळे काहीही टाकायला संकोच वाटत नाही. महिना कोणता हेही लक्षात असू द्या. श्रावण लागला की मराठीत गणपतीच्या गाण्यांचा पूर येतो, नवरात्राच्या आधी गरब्याचा. ही गाणी इयरफोनवर ऐकून निकाल देऊ नये. अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला उभे असाल किंवा रंगपंचमीच्या गेरमध्ये, रंग उडवत जाणाऱ्या मिरवणुकीत, राजवाड्याजवळ दाटीत सापडला असाल, तेव्हा डीजेवर वाजलेलं गाणं पाय ओळखतात. तरी सणाचं गाणं पाचात एकच, असा माझा नियम आहे, नाहीतर भाद्रपदाची अख्खी यादी बाप्पाच नेईल.

आता चाळणी. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजली जाते. त्यामुळे हल्ली पुष्कळ गाण्यांत सगळा मालमसाला पहिल्या अर्ध्या मिनिटात ओतलेला असतो. लांब सुरावट नाही, वाट बघायला लावणं नाही, थेट हुक, म्हणजे डोक्यात अडकणारी ओळ. म्हणून पहिल्या तीस सेकंदांवरून गाणं निवडू नका. मी दुसऱ्या अंतऱ्याची परीक्षा घेते. दुसऱ्या अंतऱ्यात काही नवं घडतं का? ठेका बदलतो, एखादा बासरीचा तुकडा येतो, शब्द पहिल्या अंतऱ्याच्या पुढे जातात? की पहिल्याचीच झेरॉक्स? बऱ्याच नव्या गाण्यांना तर दुसरा अंतराच नसतो. अशी गाणी मी लगेच बाद करत नाही, पण त्यांना जरा संशयाने ऐकते.

त्यानंतर गाणं आठवडाभर सोडून द्या. रील्सवर दिसलं तर पुढे सरका. आठवड्याने परत लावायचं, फोन उलटा ठेवून, व्हिडिओ न बघता. चकचकीत व्हिडिओ काढून घेतला की कितीतरी गाणी बसून जातात. जमलं तर एकदा इयरफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका. फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर, बास, जवळजवळ ऐकूच येत नाही. तरीही गाणं उभं राहिलं तर चाल पक्की आहे. दोन गाण्यांमध्ये निवड करायची असेल तर आवाज सारखा ठेवा, कारण जे मोठ्याने वाजतं ते आपल्या कानाला उगाचच जास्त चांगलं वाटतं. अॅपच्या सेटिंगमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलाइज करायची सोय असते, ती चालू करा. एकाच अॅपवर ऐका, हेही आलंच.

मग तारीख तपासा. ‘नवं’ म्हणून पसरलेलं गाणं कधीकधी आपल्या आईच्या कॉलेजच्या वेळचं निघतं, कंपनीने नव्या संग्रहात घातलेलं किंवा रीमास्टर केलेलं. यूट्यूबवर कंपनीकडून आपोआप चढलेल्या गाण्याच्या वर्णनात ‘रिलीज्ड ऑन’ अशी ओळ असते, स्पॉटिफायवर अल्बमच्या पानाच्या तळाशी तारीख असते. तिथेच वर्तुळातला पी आणि वर्तुळातला सी दिसतो. पी म्हणजे ध्वनिमुद्रणाचा हक्क, सी म्हणजे मुखपृष्ठ आणि मजकुराचा. पीपुढचं साल जुनं दिसलं तर गाणं या महिन्याचं नाही. स्पेड-अप (वेग वाढवलेल्या) आणि स्लोड-रिव्हर्बवाल्या (संथ करून आवाज घुमवलेल्या) आवृत्त्याही मी धरत नाही, मूळ गाणं याच महिन्यातलं असेल तर मूळच घ्यावं.

तारीख बघताच आहात तर क्रेडिट्सही उघडा आणि संगीतकार, गीतकार, वादक, मिळतील ती नावं उतरवून घ्या. हे मी जरा हट्टाने सांगते, आणि इंदूरच्या माणसाने तरी ऐकावं. लताबाईंचा जन्म इथलाच, २८ सप्टेंबर १९२९ चा. ‘महल’ सिनेमातलं त्यांचं ‘आएगा आनेवाला’ १९४९ साली घरोघर वाजलं, पण सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. आता नावं दोन टिचक्यांवर असतात आणि आपण ‘तो नवीन रीलवाला सॉन्ग’ म्हणून मोकळे होतो. यादीत गाण्यापुढे निदान तीन नावं हवीत: कुणी गायलं, कुणी चाल लावली, कुणी लिहिलं.

पाचातली एक जागा मी लांब गाण्यासाठी राखते. ख्यालाचं नवं रेकॉर्डिंग, सतारीचा अल्बम, किंवा जुन्या मैफलीचं पहिल्यांदाच बाहेर आलेलं मुद्रण. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्यांशी त्याची शर्यत लावली तर ते दर महिन्याला हरेल, कारण चाळीस मिनिटांचा बडा ख्याल मॅजिकमध्ये होत नाही. दुसरं कारण आमचे आजोबा. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ याच शहरात वाढले, आणि अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालातली त्यांची बढत, रागाचा हळूहळू केलेला विस्तार, हा आजोबांचा सगळं मोजायचा गज आहे. झुमऱ्याच्या चौदा मात्रा त्या लयीत एकदा फिरायलाच मिनिटभर लागू शकतं, तेवढ्या वेळात माझ्या यादीतलं एखादं पॉप गाणं दुसऱ्या हुकवर पोचलेलं असतं. आजोबांची अट एकच, ‘आधी चहा संपव, मग लाव.’ तर लांब गाणं रविवारी सकाळी ऐका, पोहे झाल्यावर, एका बैठकीत. मध्ये थांबवून उरलेलं नंतर ऐकलं तर बढत कळत नाही, नुसते तुकडे कळतात. घरात कुणी जाणतं असेल तर त्यांना शेजारी बसवा, पण मत विचारायचं ते स्वतःचं लिहून झाल्यावर. आजोबांचं आधी विचारलं की माझं कधी तयारच होत नाही.

लिहिताना प्रत्येक गाण्याला दोन ओळी पुरेत. विशेषणं टाळा. ‘अप्रतिम चाल, मन भारावून गेलं’ हे कुठल्याही गाण्याला चिकटतं. त्याऐवजी वेळ लिहा: ‘२:१० ला ढोलकी थांबते आणि नुसता आवाज उरतो. मॅजिकवाल्या भियाच्या स्पीकरवर ऐकलं, तेव्हा समोरच्या काकूंनीही मोबाइलमधून मान वर काढली.’ वाचणारा थेट २:१० ला जाऊन बघतो, आणि मग तुमच्याशी भांडायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

महिन्याची सीमा मी शेवटच्या शुक्रवारी आखते. त्या शुक्रवारी आलेली गाणी पुढच्या महिन्यात, कारण त्यांना आठवडाभर पडून राहायला मिळालेलं नसतं. यादी पाठवताना प्लेलिस्टबरोबर नावं साध्या मजकुरातही द्या, सगळ्यांकडे एकच अॅप नसतं. आमच्या घरच्या ग्रुपवर यूट्यूबशिवाय काही उघडलं जात नाही, आणि पुण्याची आत्या गाणं ऐकायच्या आधी ‘इंदूरला थंडी पडली का’ विचारते, ते धरून चाला.

लिंक मात्र अधिकृत चॅनेलचीच द्या, विशेषतः कलाकार छोटा असेल तर. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय गाण्याला रॉयल्टीत वाटा नाही. मोठ्या गायकाला तुमच्या ग्रुपने काही फरक पडत नाही. पण आपल्याच शहरातल्या कुणा मुलीने घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं पहिलं गाणं तुमच्या पाचात आलं असेल, तर तिच्या हजारात तुमच्या चाळीस जणांच्या ग्रुपचं स्पॉटिफायवरचं ऐकणं धरलं जातं. कुणीतरी उचलून चढवलेली कॉपी फॉरवर्ड केली तर तिच्या खात्यात काहीच जमा होत नाही.