व्हाइटबीम इंदुरात लावताय? मी केलेल्या या चुका टाळा

परदेशातल्या बागांचे फोटो बघून मलाही व्हाइटबीम या युरोपातल्या झाडाचं खूळ लागलं होतं. त्यातली ल्यूटेसेन्स जात तर वसंतात पानांवरच्या पांढुरक्या लवेनं अशी भरते की लांबून वाटतं झाडाला मोहरच आलाय. (बीम म्हणजे किरण नाही बरं का, जुन्या इंग्रजीत झाडालाच बीम म्हणायचे.)

पहिली चूक, ल्यूटेसेन्सच्या नावानं ऑनलाइन बिया मागवल्या. अहो ती कलमाची जात, हापूसची कोय लावून हापूसच येईल म्हणण्यासारखं झालं ते. आणि लंडनहून येणाऱ्या भाच्याला खिशात बिया टाकून आण असंही सांगू नका, बाहेरचं बी आणायला सरकारच्या वनस्पती क्वारंटाइनची परवानगी लागते.

बी सरळ कुंडीत टोचलं तर ढिम्म उगवत नाही. आधी ओल्या वाळूत तीन-चार महिने थंडी द्यायची, म्हणजे फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही, आणि डबीवर चिठ्ठी लावाच, कारण आमच्या आईनं "फ्रिजात माती कोण ठेवतं रे" म्हणत सगळी मोरीत ओतली.

पण खरी फसगत मातीत होते. हे झाड इंग्लंडच्या दक्षिणेकडं खडूच्या, चुनखडीच्या टेकड्यांवर वाढतं, म्हणून मला वाटलं चुना तर आपल्या काळ्या मातीतही असतो, जमेल. चुना ठीक आहे हो, पण माळव्याची माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि याला निचरा लागतो, मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडून लोंबतात आणि आपण समजतो तहान लागलीये, अजून पाणी ओततो! माती बोटभर खोल ओली असेल तर पाणी बंद करा.

मे महिन्यात कडा करपल्या तर मात्र उपाय नाही. ती पांढरी लव पानातलं पाणी राखते खरी, पण ४० च्या वरची लू सोसण्यासाठी नाही, आणि इंदूर जेमतेम ५५० मीटर उंचीवर. याचा हिमालयातला भाऊबंदसुद्धा थंड डोंगरांतच राहतो.

तिकडं याची लाल फळं कस्तूर पक्षी खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात. पक्षीच हवे असतील तर आपल्याकडं उंबर लावा, हरियल येतील. पांढऱ्या पानांची हौस असेल तर कनकचंपा, वारा सुटला की ताटाएवढी पानं उलटतात आणि खालची पांढुरकी बाजू दिसते. फक्त कंपाउंडला चिकटून लावू नका, फार मोठा होतो.