बांध पेटवू नका, पिल्लं अजून घरट्यात आहेत

पाऊस तोंडावर आला की बांध साफ करायची घाई सुटते. कुणी पेटवतो, कुणी तणनाशक मारतो, कुणी यंत्र लावून झुडपं मुळासकट उपटतो. शेतकरी मित्रांनो, हे काम आजच थांबवा. बुलबुल, दयाळ, शिंपी, वटवट्या या पक्ष्यांच्या विणीचा हाच हंगाम आहे. आता घरटी जाळायची आणि पुढे अळी आवरत नाही म्हणून फवारणीमागून फवारणी करायची, हे दरवर्षी डोळ्यांदेखत घडतं.

कावळा, भारद्वाज, मुंगूस, साप अंडी-पिल्लं खाणारच. ते पूर्वीही होते, पण तेव्हा आडोसा होता. बुलबुलाची वाटी, म्हणजे वाटीसारखं घरटं, काटेरी झुडपात कमी उंचीवर असते. खालचं गवत आणि बाजूच्या फांद्या गेल्या की ती लांबून दिसते. मादी चोचीत अळी धरून दोन-चारदा आत शिरली की कावळ्याला जागा कळलीच. झुडपांची एकच विरळ ओळ उरली असेल तर मुंगसाला बांध धरून चाललं तरी पुरतं. म्हणून शिकाऱ्यांच्या मागे लागू नका, साप-मुंगूस उंदीरही खातात. बांधावरचं झुडूप दाट आणि रुंद राखा.

मांजराचं मात्र वेगळं. त्याला घरी खायला मिळतं, तरी ते मारतं. अमेरिकेत मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा २०१३ चा अंदाज आहे. विणीच्या दिवसांत पाळीव मांजर शेतावर नेऊ नका, खरकटं बांधावर टाकू नका.

बुलबुलाची अंडी १२ ते १४ दिवसांत फुटतात, पिल्लं पुढच्या दोनेक आठवड्यांत बाहेर पडतात. महिनाभर कळ काढली तर एक वीण पदरात पडते. दाणे टिपणारी चिमणी आणि सुगरणसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात, हे विसरू नका. गाजरगवत तेवढं फुलण्याआधी हातानं उपटा. बाकी छाटणी पावसाळा सरल्यावर, तीही एका वर्षी एकाच बाजूची.

नेहमीची कामं:
- पक्षी थांबे (पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या) एकरी २०. कणसात दाणे भरू लागले की काढा
- कामगंध सापळे (मादीच्या गंधानं नर पतंग ओढणारे) हेक्टरी ५
- निंबोळी अर्क ५ टक्के
- प्रक्रिया केलेलं, म्हणजे औषध चोळलेलं बियाणं मातीआड करा, सांडलेलं वेचा

थांबे दाट झुडपाजवळच्या तासांत रोवले की कोतवाल पक्षी त्यावर जास्त बसतो, असं आमचं निरीक्षण आहे.

चार अळ्या दिसल्या की विक्रेता दोन-तीन महागड्या औषधांचं मिश्रण हातात देतो. घेऊ नका. आधी झाडं तपासा, अळ्या मोजा, आर्थिक नुकसानीची पातळी (जिथं नुकसान फवारणीच्या खर्चावर जातं) ओलांडली असेल तरच एक शिफारशीतलं औषध शिफारशीच्या मात्रेत मारा. सरसकट फवारणीनं मित्रकीटक मरतात आणि पिल्लांचा चाराही संपतो.

ज्यांचा बांध आधीच साफ झाला, त्यांनी तोडलेल्या काटेरी फांद्या जाळू नयेत. एका टोकाला ढीग रचा, त्यावर रानवेल चढू द्या. वटवट्या त्याच पावसाळ्यात तिथं शिरतो.