खाडीकाठची २०६० सालची गोष्ट लिहायची कशी

हवामान बदललेल्या जगाची गोष्ट लिहायला बसलं की बहुतेकांची मुंबई पहिल्याच पानावर बुडते, आणि मग पुढे काही सुचत नाही, कारण त्या बुडालेल्या शहरात माणसं सकाळी उठून करतात काय हे आपण ठरवलेलंच नसतं. त्यामुळे माझं म्हणणं, एक गाव घ्या, त्यातली एकच गोष्ट बदला, आणि त्यापायी कोणाचं जुनं शहाणपण चुकायला लागतं ते शोधा.

आधी जागा पक्की करा. मी उदाहरणाला रायगडचं खारेपाट घेते, धरमतर खाडीच्या काठचं. तिकडे खाडीला मातीचा बांध, बांधाच्या आत भातशेती, घराशेजारी तळं आणि तळ्यात जिताडा मासा. बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं झापड असलेलं दार. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ते उघडतं, आणि भरती चढली की खाडीचंच पाणी बाहेरून दाबून ते बंद करतं. मोटर नाही, वीज नाही. अशी एखादी वस्तू तुमच्या गावात शोधा, विहिरीचा रहाट असेल, कालव्याची चारी असेल, पण ती कशी चालते ते तुम्हाला हाताने करून दाखवता आलं पाहिजे, एवढी माहिती काढाच.

मग साल ठरवा. आज बालवाडीत असलेली मुलगी २०६० मध्ये चाळिशीच्या आसपास असेल, तिलाच नायिका करा, म्हणजे तिला आपला काळ आठवतो आणि वेगळा इतिहास सांगत बसावं लागत नाही. आकडे थोडेच लागतात. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास मांडणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ मध्ये जगातल्या समुद्राची सरासरी पातळी साधारण २० सेंटीमीटरने वाढली, आणि २१०० पर्यंतचा अंदाज, आपण किती धूर सोडतो त्यावर, साधारण २८ सेंटीमीटरपासून एक मीटरपर्यंत आहे. मी गोष्टीत वीतभर धरते. एवढं पुरतं.

आता खरं काम, ती वीत उघाडीवर नेऊन ठेवा. ओहोटीलाही खाडी पूर्वीइतकी खाली जात नाही, म्हणून दार उशिरा उघडतं आणि लवकर मिटतं, आणि आतला पाऊस बाहेर पडायला वेळच मिळत नाही. म्हणजे बघा, शेत समुद्राने बुडत नाहीये, पावसाच्या गोड्या पाण्याने बुडतंय, कारण त्याला बाहेर जायची वाट उरली नाही. आवण, म्हणजे भाताची रोपं, कुजतं, मग कोणीतरी पंप भाड्याने आणतो, मग पंपाच्या डिझेलवरून दोन भावांत वाजतं, आणि इथून गोष्ट आपोआप चालायला लागते.

यानंतर जुनं शहाणपण. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती, फार तर थोडं मागेपुढे. हा हिशोब २०६० मध्येही बरोबरच येणार, कारण चंद्र कुठे बदललाय? मला सगळ्यात जास्त हलवतं ते हेच. साधारण असं लिहा:

आजीने बोटांवर मोजलं. "आज अष्टमी. सहाला भरली, बारापर्यंत उतरेल. बाराला जाऊन बघ, दार उघडलेलं असेल."
साडेबाराला ती बांधावर गेली. झापडाच्या फळीला शेवाळ चिकटलं होतं, फट बोटभरच होती, आणि आतलं पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं.
"उघडलं का गं?"
"उघडलं, आजी."

आजीची वेळ चुकली नाही, आणि नातीला खरं सांगवत नाही. इथे लेखकाने मध्ये येऊन काही समजावू नका प्लीज.

भाषेचं पण तसंच. पात्रांच्या तोंडी "जागतिक तापमानवाढ" घालू नका, ती म्हणतील "पाणी उतरत नाय". मृगाचा पाऊस मृगात आला नाही तरी लोक मृगच म्हणत राहतात, शब्द हवामानापेक्षा उशिरा बदलतात, ते तसेच राहू द्या. गावची बोली मात्र अंदाजाने लिहू नका, तिथल्या कोणाला तरी संवाद मोठ्याने वाचायला लावा आणि ते जिथे अडखळतील तिथे पेन्सिलने खूण करा.

ड्राफ्ट झाला की ज्या वाक्यात फक्त माहिती आहे, कोणी काही करत नाहीये, ते वाक्य काढून बघा. गोष्ट तरी कळत असेल तर ते परत घालू नका. आणि सगळ्यात शेवटी कालनिर्णय घेऊन बसा, गोष्टीतल्या प्रत्येक दिवसाला तिथी लावा, प्रत्येक भरतीची पाऊणपट करा. पंचमीच्या रात्री बाराला काठोकाठ भरती लिहिली असेल तर तो अख्खा प्रसंग पावणेचारला हलवा.